बटणांच्या गावावर स्वारी

तीर्थरूप मामांच्या पायाशी, मान आधीच खाली गेलेल्या भाच्याचा नमस्कार (मान खालीच असल्यामुळे वेगळं वाकावं लागलं नाही, एवढीच काय ती सोय).

तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला, पट्टी निघाली, काळा चष्माही सुटला, हे सगळं आईकडून कळलं. थेंब वेळेवर घालता ना? आणि मामींना घालू देता, की नेहमीप्रमाणे मी काय लहान आहे का म्हणत स्वतःच गालावर ओतून घेता? मी पाठवलेली वरची कवळी आता टोचत नसावी. टोचत असेल तर परत पाठवा, मी इथे घासून देईन, पण कृपा करून मागच्या वेळेसारखी घरच्या कानशीने घासू नका. त्या कवळीला कानस लावल्याचं ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यावर फारसा विश्वास ठेवू नये.)

पत्र लिहिण्यास कारण काही नाही, सहजच. आता तुम्ही म्हणाल, एकोणपन्नास वर्षांत या कार्ट्याने सहज म्हणून एक ओळ खरडली नाही, तेव्हा यात काहीतरी पाणी मुरतंय. मुरतंय. पण मला ते एकदम सांगता येणार नाही. आमच्याकडे दात काढायला येणारा माणूसही आधी हवापाण्याच्या गप्पा मारतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलतो आणि मगच तोंड उघडतो. तेवढी सवलत मलाही द्या.

दिवसभर दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन शिशाच्या बोटभर सैनिकांना रंग द्यायचा, हा माझा दिनक्रम तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही मागे आला होतात तेव्हा जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवलेलं माझं घोडदळ बघून आईला विचारलं होतंत, की याच्यासाठी अजून मुली बघायच्या आहेत की आता सोडून द्यायचं? (मी आतल्या खोलीत होतो, बहिरा नव्हतो.) तर त्या सैनिकांचा आमचा एक क्लब आहे. टायरच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे लोखंडी जिन्याच्या बावीस पायऱ्या चढून दर रविवारी दुपारी आम्ही चार पुरुष जमतो आणि टेबल-टेनिसची दोन टेबलं जोडून त्यावर लढाया करतो. त्यातले मास्तर म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ते कधी खेळत नाहीत, पंच असतात. जनरल हा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला जनरल म्हणायचं कारण म्हणजे त्याचा आवाज, दुसरं काहीही नाही. तिसरा विमा विकतो आणि त्याला सगळे विमावालाच म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायला तो सवडच देत नाही.

यंदा मास्तरांनी मोठी मोहीम मांडली. आफ्रिकेतला एक देश, दीडशे वर्षांपूर्वीचा, मास्तरांनी स्वतःच्या मनाने कल्पिलेला: एक नदी, कोरडं माळरान आणि पाच टेकड्या. टेकड्या करायचं काम माझ्याकडे होतं आणि मी त्या कामावरच्या प्लास्टरने केल्या. (मोडके साचे वाया जात होते, तेच उलटे घातले. त्यामुळे त्या टेकड्या दाढांसारख्या दिसतात ही विमावाल्याची टीका खोटी म्हणता येणार नाही. पुढे सगळे त्यांना सुळा, दाढ, अक्कलदाढ अशाच नावांनी ओळखू लागले.) बाहेरून आलेल्या फौजांनी आठ रविवारांत तिथल्या लोकांना शोधून शरण आणायचं आणि तिथल्या लोकांनी तोवर हाती लागायचं नाही, असा खेळ. प्रत्येकाला शंभर गुण. त्यात आपलं सैन्य निवडायचं: बंदूकवाला दोन गुणांना, घोडेस्वार चारला, तोफ पंधराला, आणि अशीच लांबलचक यादी.

मामा, या निवडीवर मी तीन आठवडे घालवले. कवळ्या करताना मनात तोफा होत्या. एका बाईंच्या कवळीला एक दात जास्तीचा बसवला, तो त्यांनाच सापडला. शेवटी मी पंचवीस गुणांची, बाजूला फिरतं चाक असलेली वाफेची बोट घेतली, दोन तोफा घेतल्या आणि उरलेल्या गुणांत लाल डगल्यांचे बंदूकवाले घेतले. प्रत्येक डगल्याला मी पितळी बटणंसुद्धा रंगवली, एका केसाच्या ब्रशने. मास्तरांनी चिठ्ठ्या उघडल्या तर जनरलने बाहेरची फौज घेतलेली, विमावाल्यानेही बाहेरचीच आणि मी तर घेतलेलीच. तिथले लोक व्हायला कुणीच तयार नव्हतं. जनरल म्हणाला भाल्यांना रंगवण्यासारखं काही नसतं. विमावाला म्हणाला हरणाऱ्याच्या बाजूने उभं राहणं त्याच्या धंद्यात बसत नाही. मी माझी बोट हातात घट्ट धरून ठेवली होती, तेव्हा मला विचारण्याची गरजच नव्हती.

आणि नेमकी त्या वेळी आई दारात उभी. माझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला ती बावीस पायऱ्या चढून आली होती. निवृत्त झाल्यापासून तिचं कसं चाललंय हे तुम्ही तिच्या फोनवरून ओळखलंच असेल. तीस वर्षं हॉस्पिटलच्या कोठीची चावी तिच्या कमरेला होती. चादरी, औषधं, पट्ट्या, साबण, तिच्या सहीशिवाय काही हलत नसे. आणि आता घरात तिच्याकडे कोणी काही मागत नाही. सकाळी दोन वेळा कपाट लावते, दुपारी खिडकीत बसते, आणि मी घरी आलो की काही हवंय का विचारते. मला काही नको असतं. (हे लिहिताना आत्ता कळतंय की एखाद्या दिवशी काहीतरी हवं असायला हरकत नव्हती.) तर तिने टेबल बघितलं, बंदुका बघितल्या, बोट बघितली आणि मास्तरांना विचारलं की इथे राहणारी माणसं कुठे आहेत. मास्तर म्हणाले, त्यांच्याकडून खेळायला कुणी तयार नाही. आईने पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, मी खेळते. मग विचारलं की ही बाकीची मंडळी तिथे गेली कशाला. मास्तरांनी नियमांचं पुस्तक उघडून सांगितलं, शांतता प्रस्थापित करायला. तिने विचारलं, कुणाचं भांडण चाललं होतं? आम्ही चौघांनी पुस्तक मागून पुढून चाळलं. त्यात ते दिलेलं नव्हतं.

मग तिने सैन्य निवडलं. सैन्य कसलं, कोठीची मागणी लिहावी तशी यादी केली. फक्त वीस भालेवाले. एक वाटाड्या. चार विहिरी. गुरांचे कळप. आणि बाकी सगळे गुण बायका, मुलं आणि म्हातारे यांच्यावर. नियमांच्या पुस्तकात ते 'अडथळे' या सदरात अर्ध्या गुणाला एक मिळतात. ते आजवर कोणी विकत घेतले नव्हते. जनरल इतका हसला की खालून टायरवाला बघायला आला. आई म्हणाली, गाव म्हटलं की ही माणसं असणारच, त्यांना सोडून मी वीस जणांना घेऊन काय करू? आता शिशाच्या बायका आणि मुलं आमच्याकडे नव्हतीच, तेव्हा तिने घरचा बटणांचा डबा आणला. शर्टाची बटणं म्हणजे बायका, बाळाच्या झबल्याची म्हणजे मुलं, कोटाची मोठी म्हणजे गुरं. म्हाताऱ्यांसाठी तडा गेलेली बटणं वेगळी काढली होती.

पुढचे सहा रविवार कसे गेले ते सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो. तिची माणसं टेबलावर दिसायचीच नाहीत. ती कुठे आहेत हे ती कागदावर लिहून पाकिटात मास्तरांना द्यायची, आणि आमची फौज त्या जागी पोचली तरच बटणं टेबलावर यायची, असा नियम. आम्ही कधी पोचलोच नाही. आम्ही तिघांनी तोफा घेतल्या, घोडे घेतले, पण पाणी वाहणारे हमाल एकानेही घेतले नव्हते. कोण रंगवणार हमाल? तिने वाटेवरच्या विहिरी बुजवल्या. तिसऱ्या रविवारी जनरलची आख्खी पलटण तहानेने आडवी पडली. (नियमाप्रमाणे प्रत्येक शिपाई हाताने आडवा ठेवावा लागतो. जनरलने चाळीस शिपाई एकेक करून निजवले, तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा लागला.) चौथ्या रविवारी विमावाल्याचे घोडे गेले. माझी बोट तर त्याआधीच वाळूत रुतली होती, कारण आईने पहिल्याच दिवशी मास्तरांना विचारून घेतलं होतं की महिना कुठला चाललाय आणि तेव्हा नदीला पाणी किती असतं. तो प्रश्न आम्हा तिघांपैकी एकालाही सुचला नव्हता. तिने सहा रविवारांत एकही माणूस मारला नाही, मामा. आम्हीच मेलो.

पण ती काय खुलली होती! घरी आल्यावर वहीत रेघा मारायची, मुलांना किती पाणी, म्हाताऱ्यांना चालायला किती दिवस, याचे हिशेब करायची आणि मला विचारायची, मोठं जनावर दिवसाला किती पाणी पितं रे? रविवारी सकाळपासून साडी नेसून तयार. मास्तर तिला बाई म्हणायचे आणि तिच्यासाठी पाठीला उशी असलेली एकमेव खुर्ची राखून ठेवायचे. आणि मी? मी कुढत होतो. क्लबात माझी छी थू चालली होती. केसाच्या ब्रशने डगल्याची बटणं रंगवणारा मी, आणि मला हरवत होती खरी बटणं. त्यात विमावाल्याने पाचव्या रविवारी हसत हसत शंका काढली की आमचे बेत घरी जेवताना बाहेर फुटत असावेत. गंमतच होती ती. पण आई हसली आणि मला मात्र झोंबली.

आता खरं ते सांगतो. सातव्या रविवारच्या आधीचा गुरुवार, सकाळची वेळ. आई खाली दूधवाल्याशी बोलायला गेली होती. जेवणाच्या टेबलावर साखरेच्या बरणीखाली तिचा कागद. घडीसुद्धा न घातलेला. मी बरणी उचलली. साखर घ्यायला उचलली असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं, आणि मला साखर बंद होऊन चार वर्षं झाली आहेत. कागदावर तिच्या कोठीतल्या अक्षरात लिहिलं होतं: अक्कलदाढेच्या मागे, खोलगट जागा. बायका बेचाळीस, मुलं तीस, म्हातारे नऊ, गुरं सगळी. पाणी सोळा दिवसांचं. भालेवाले नदीकडे, फौजांना वाटावं की सगळे तिकडेच आहेत. मी दोनदा वाचलं. एकदा वाचलं असतं तर नजर गेली म्हणता आलं असतं. मी दोनदा वाचलं आणि बरणी होती तशी ठेवली, खालच्या गोल डागावर बरोबर.

रविवारी मी नकाशाकडे बराच वेळ बघत बसलो. कपाळाला आठ्या घातल्या. (नाटक आपल्याला जमत नाही असं मला वाटायचं. जमतं.) मग माझी राहिलेली तुकडी नदी सोडून अक्कलदाढेच्या मागे वळवली. मास्तरांनी पाकीट उघडलं, चष्मा काढून पुसला आणि आईला म्हणाले, बाई, ठेवा. तिने डब्यातून बटणं काढून त्या खोलगट जागेत मांडली, सगळी, एकेक. जवळ भालेवाला नव्हताच, तेव्हा नियमाने सगळी पकडली गेली आणि झोपड्या जाळायच्या. जळलेल्या झोपडीवर धूर म्हणून कापसाचा बोळा ठेवतात. तो कापूस मीच कामावरून आणला होता, आणि आणला होता शुक्रवारी. जनरलने माझ्या पाठीत थाप मारली, विमावाला म्हणाला याला म्हणतात डोकं. आईने बटणं परत डब्यात भरायला घेतली. झबल्याचं एक बटण टेकडीच्या कडेखाली गेलं होतं, ते तिने केसातल्या पिनेने ओढून काढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, बरोबर शोधलंस. एवढंच.

मामा, मी लोकांना खोटे दात देतो, पण ते खोटे आहेत हे त्यांना सांगून देतो. मला स्वतःची लाज वाटते. टेबलावरचा खेळ आहे, बटणं आहेत, हे सगळं मी स्वतःला समजावून झालं. तरी कवळीत मेण ओतताना हात थांबतो आणि डोळ्यांसमोर ती पिनेने बटण काढताना येते. एकोणपन्नास वर्षांच्या घोड्याने आईची पाटी बघून उत्तर लिहावं आणि वर शाबासकी घ्यावी, याहून खाली जायला जागा आहे का? असल्यास कळवा.

आणि तिला कळलंय. नक्की कळलंय. सोमवारीच म्हणाली, गुडघे फार धरलेत, शेवटच्या रविवारी तुम्हीच काय ते उरकून घ्या, त्या पायऱ्या मला जमणार नाहीत. सहा रविवार जमल्या, सातव्या रविवारी जमल्या, आणि आताच गुडघे? शिवाय साखरेची बरणी वरच्या फळीवर गेली. आणि वही आता टेबलावर नसते, तिच्या कपाटात असते. माझ्याशी मात्र अगदी गोड वागते, दोनदा वाढते. ओरडली असती तर बरं झालं असतं. कालपासून पुन्हा दुपारी खिडकीत बसायला लागली आहे, आणि हे मी केलंय.

मामींना नमस्कार. डोळा जपा. कवळी रात्री पाण्यात ठेवत जा, उशीखाली नव्हे.

तुमचा,
ज्याला तुम्ही लहानपणी 'गुणी बाळ' म्हणायचात तो

ता. क. सहज लिहिलं असं वर म्हटलं आहे, ते तितकंसं खरं नाही. एक छोटं काम होतं. तिचे वीस भालेवाले आणि वाटाड्या अजून मोकळे आहेत, तेव्हा मोहीम संपलेली नाही. तुम्ही शनिवारपर्यंत तिला फोन करून, गुडघ्यांना हालचाल चांगली, डॉक्टरच सांगतात, असं काहीतरी बोलून तिला रविवारी जायला लावा. तुमचं ती ऐकते. माझं नाव काढू नका.

ता. क. दुसरा. वरचं काम रद्द. फोन कराच, पण तिला सरळ सांगा की त्याने कागद बघितला आणि त्याला फार वाईट वाटतंय. मी गेले चार दिवस तोंड उघडतोय आणि दर वेळी चहा झाला का असं विचारतोय. तिने चार दिवसांत मला अकरा कप चहा दिला. तुम्ही धाकटे भाऊ, तुम्हाला ती रागावणार नाही. मी भित्रा आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात.

धाकट्या, हे मी लिहितेय. घरातली पत्रं मीच टाकते, तुला माहीत आहे. वजन बघायला पाकीट हातात घेतलं तर ते उघडंच होतं. त्याने सैनिक चिकटवायच्या गोंदाने चिकटवलं होतं, तो कागदाला धरत नाही. आधी दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून बाजूला ठेवलं. मग त्यात 'आई' असं दिसलं आणि वाचलं.

गुडघे खरंच दुखतात. साखर मुंग्यांमुळे वर ठेवली. वही त्याच्या रंगाचे डाग पडतात म्हणून कपाटात ठेवते. मला काहीच कळलं नव्हतं रे. रविवारी रात्री तुला फोन केला तो आठवतो ना, पोराने इतक्या मोठ्या नकाशात बरोबर तीच जागा हुडकली म्हणून मी तासभर तुझं डोकं खाल्लं. तुला झोप येत होती तरी सोडलं नाही. आपल्या घरात आपला कागद झाकून ठेवायचा असतो हे मला सुचलंच नाही.

मी फोनची वाट बघणार नाही, तू करूही नकोस. गुडघ्याला पट्टा बांधून रविवारी जाणार आहे. खेळ सुरू करण्याआधी मास्तर दर वेळी सगळ्यांना विचारतात, कुणाला काही सांगायचंय का. आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसणार आहे. तोपर्यंत त्याला कळू देऊ नकोस की मला सगळं कळलंय.